अंदमानात जीटी कसा गरवावा?

जीटी म्हणजे जायंट ट्रेव्हली, प्रवाळाजवळचा मोठा, ताकदवान शिकारी मासा. विश्वविक्रमी जीटी 72.8 किलोचा, 2006 मध्ये जपानच्या तोकारा बेटांजवळ गळाला लागलेला. आपल्याकडे हा मासा गरवायचा तर अंदमान गाठावं, साधारण नोव्हेंबर ते मे.

निम्मं काम घरीच उरकतं. रीलवर पीई 8 ची (पीई हा दोरीच्या जाडीचा आकडा) वेणीची दोरी भरा आणि तिला एफजी गाठीने दीड-दोन मीटर जाड नायलॉनचा लीडर, म्हणजे घासणं सोसणारा शेवटचा तुकडा, जोडा. आता ड्रॅग, म्हणजे मासा किती जोराने ओढल्यावर दोरी सुटेल हे ठरवणारा रीलचा ब्रेक. बोटांनी ओढून ‘घट्ट वाटतोय’ म्हणू नका. सामान तोलायचा हुकाचा काटा दोरीला अडकवा, रॉड वाकवा, कुणाला तरी ओढायला सांगा. काटा 12 ते 15 किलो दाखवेल तेव्हाच रील दोरी सोडायला हवं. पॉपरचे (पाण्यावर आवाज करणाऱ्या नकली आमिषाचे) तिहेरी गळ काढून एकेरी लावा, गळांचे उलटे काटे पकडीने दाबून टाका.

बोट ठरवतानाच हद्दी विचारून घ्या. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात मासेमारीला बंदी आहे.

भरती-ओहोटीचा प्रवाह खडकावर आपटून फेस होतो, तिथे पॉपर फेका. रॉड खाली धरून लांब हिसका द्या, ‘भळ्ळ’ असा आवाज आला पाहिजे. थांबा. सैल दोरी गुंडाळा. पुन्हा हिसका.

मासा पॉपरवर झडप घालतो, पाणी फुटतं आणि हात आपोआप वर जातो. तो आवरा. वजन जाणवल्यावरच जोरात ओढा. जीटी सरळ प्रवाळाकडे पळतो आणि कडेला घासली की कितीही महाग दोरी तुटतेच. म्हणून पहिल्या काही सेकंदांत दोरी द्यायची नाही. रॉडचा बूड पोटाला बांधलेल्या आधाराच्या पट्ट्यात रोवा, गुडघे वाकवा आणि नावाड्याला बोट खोल पाण्याकडे घ्यायला सांगा. रॉड उभा कराल तर टोकाशी मोडेल.

मासा दमून बाजूला आला की हातमोजे ओले करून एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा पोटाखाली. जबड्याला धरून लोंबकळवणं हा फोटोच्या हौसेपायी होणारा छळ आहे. एक फोटो पुरे. मग तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात धरा, शेपटी जोरात मारेपर्यंत. घरी न्यायचा मोह नको: प्रवाळावरच्या मोठ्या माशांतून सिग्वाटेराची विषबाधा होऊ शकते, आणि ते विष शिजवून जात नाही.

परतल्यावर ड्रॅग घट्ट ठेवून रीलवर गोड्या पाण्याचा हलका फवारा मारा, पुसा, मग ड्रॅग सैल करून ठेवा. लीडर खरबरीत लागला तर कापून नवा बांधा.