नव्या कॉम्प्युटरवर काय टाकायचं, काय नाही

मावशीने नवा लॅपटॉप घेतला, तेव्हा दुकानदाराने हौसेने "सगळं टाकून" दिलं होतं. दोन अँटिव्हायरस, तीन व्हिडिओ प्लेअर, बॅटरी वाचवणारं काहीतरी. मराठीत मात्र एक अक्षर टाइप होईना आणि मावशीला नेमकं तेच हवं होतं, सोसायटीच्या नोटिसा लिहायला. म्हणून सुरुवात कागद-पेनाने करा. आठवडाभरात कॉम्प्युटरवर तुम्ही काय काय करता ते लिहा. यादी सहसा सात-आठ ओळींच्या पुढे जात नाही.

मग आधी साफसफाई. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सची यादी उघडा आणि मुदतीवर मिळालेला अँटिव्हायरस काढून टाका. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरगुती वापराला पुरतो. रीस्टार्ट केल्यावर तो चालू झाला ना, एवढं बघा. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे. तुमचं मशीन अजून त्यावर असेल, तर बाकी काही टाकण्याआधी विंडोज 11 चालतं का ते तपासा.

आता मराठी. हे काम पुढे ढकलू नका, आणि त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअरही शोधू नका. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेजमध्ये जाऊन मराठी भाषा जोडा. मग त्या भाषेच्या ऑप्शन्समधून कीबोर्ड निवडा. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल तर फोनेटिक घ्या. रोज पानंच्या पानं लिहायची असतील तर इनस्क्रिप्ट, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराची कळ ठरलेला कीबोर्ड, शिका. पहिले काही दिवस बोटं अडखळतात, पण नंतर पर्यायांच्या यादीतून शब्द निवडत बसावं लागत नाही. 'ळ' शिफ्ट आणि एनवर, तर 'दुसऱ्या'मधला 'ऱ' शिफ्ट आणि जेवर. हे दोन सापडले की निम्मी भीती जाते. विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते.

जुन्या पत्रिकांच्या, अहवालांच्या फाइली श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर अक्षरांचा काला दिसणारच. ती अक्षरं युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या पद्धतीची, नाहीत. फाइल बिघडलीय असं समजून डिलीट करू नका, कन्व्हर्टरमधून बदलून घ्या.

पत्रं, हिशेब, बायोडेटा यांसाठी लिब्रेऑफिस. फुकट आहे. शोधताना ओपनऑफिसही समोर येईल. 2010 मध्ये त्यातूनच लिब्रेऑफिस वेगळं झालं आणि आज जोमाने काम तिथेच चालतं, तेव्हा तेच घ्या. टाकल्यावर टूल्स, मग ऑप्शन्स, मग लोड/सेव्हमध्ये जाऊन सेव्हचा प्रकार वर्ड आणि एक्सेलचा ठेवा, नाहीतर "फाइल उघडत नाही" म्हणून फोन येत राहतील. ऑफिसातल्या मॅक्रोवाल्या (आत आपोआप काम करणारे छोटे प्रोग्राम असलेल्या) शीट घरी उघडायच्या असतील, तर मात्र सरळ पैसे देऊन मायक्रोसॉफ्टचंच घ्या. "क्रॅक टाकून देतो", म्हणजे चोरून फुकटात चालवून देतो, म्हणणाऱ्याला हात जोडा. त्या क्रॅकमध्ये आणखी काय बसलंय, हे बहुतेक वेळा त्यालाही ठाऊक नसतं.

बाकीचं पटकन. ब्राउझर म्हणून एज आधीपासून असतोच. जाहिरातींचा वैताग असेल तर फायरफॉक्स टाकून त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन जोडा. लग्नाच्या व्हिडिओपासून जुन्या सीडीपर्यंत व्हीएलसी पुरे. पीडीएफ एजमध्येच उघडते, वेगळा रीडर लागत नाही. पासवर्ड डायरीच्या शेवटच्या पानावर असतील तर पासवर्ड सांभाळणारं बिटवॉर्डन वापरून बघा. त्याचा मुख्य पासवर्ड तेवढा डोक्यात हवा.

डाउनलोड करताना सर्चमधली सगळ्यात वरची लिंक बहुधा जाहिरात असते, ती ओलांडा. व्हीएलसी व्हिडिओलॅन डॉट ऑर्गवरूनच घ्या. आणि 'नेक्स्ट, नेक्स्ट' मारत सुटू नका. मधल्याच एखाद्या पानावर आपोआप टिक केलेला चौकोन असतो आणि त्यातूनच नको ते पाहुणे घरात शिरतात.

शेवटचं काम बॅकअपचं. बाहेरची हार्ड डिस्क जोडा, विंडोजमधलीच फाइल हिस्ट्री ही बॅकअपची सोय चालू करा. मग एक बिनकामाचा फोटो मुद्दाम डिलीट करून डिस्कवरून परत आणून बघा. मावशीकडे पहिल्या खेपेला तो आलाच नाही, कारण फोटोंचा फोल्डर डी ड्राइव्हवर होता आणि बॅकअपच्या यादीत तो घातलाच नव्हता.