‘गुगल उघडा’ म्हणण्यापूर्वी

लातूर-परभणीकडे सातबारा काढण्यासाठी किंवा पीकविम्याचा अर्ज भरण्यासाठी संगणकासमोर बसणारे अनेकजण ‘गुगल उघडा’ असे म्हणतात. परंतु गुगल हे शोधयंत्र आहे आणि ते ज्यात उघडते तो क्रोम, फायरफॉक्स किंवा एज हा ब्राउझर होय. निवड करताना नावापेक्षा आतले इंजिन, म्हणजे संकेतस्थळ पडद्यावर उभे करणारा भाग, पाहावे. क्रोम, एज, ब्रेव्ह आणि ऑपेरा हे चारही क्रोमियम या एकाच मूळ सॉफ्टवेअरवर बांधलेले असल्यामुळे एखादे संकेतस्थळ क्रोममध्ये अडखळले तर एजमध्येही ते बहुधा तसेच अडखळते; फायरफॉक्सचे गेको इंजिन मात्र वेगळे आहे, म्हणून जोडीला तोच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात मराठी मेनूही मिळतो. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ ही २०२३ मधील आहे. तिच्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत. सेवा केंद्रातील सामायिक संगणकावर आधार क्रमांक टाकण्यापूर्वी खासगी विंडो, म्हणजे पाहिलेल्या पानांची नोंद ब्राउझरमध्ये मागे न ठेवणारी विंडो, उघडावी (क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन या कळा एकत्र दाबाव्यात) आणि डाउनलोड केलेली पीडीएफ काम झाल्यावर स्वतः काढून टाकावी, कारण विंडो बंद केली तरी ती फाइल संगणकात तशीच राहते.