चांदणीच्या कंदिलाचा सांगाडा घट्ट कसा झाला

दिवाळीच्या सुट्टीत नातवंडं आली की आमच्याकडे चांदणीचा आकाशकंदील घरीच होतो. १० लांब कामट्यांच्या दोन चांदण्या करायच्या, त्यांची पाचही टोकं एकमेकींना बांधायची आणि आत जिथे कामट्या एकमेकींना ओलांडतात तिथे ५ आखूड कामट्या आडव्या अडकवून सांगाड्याला पोट द्यायचं. यंदा घोडं अडलं ते टोकांपाशी. बांबू गुळगुळीत, दोरा सरकायचा. धाकटी रडवेली झाली, "आजी, परत ढिल्ला झाला गं!"

मग प्रत्येक टोकाशी मी चाकूने बारीक खाच पाडली. चाकू मुलांच्या हाती द्यायचाच नाही. दोरा आधी फुलीसारखा तिरपा गुंडाळला, मग दोन कामट्यांच्या मधून दोन वेढे घेऊन करकचून ओढला. हे मधले वेढेच खरे कामाचे. गाठीवर फेविकॉलचा थेंब टाकायचं काम धाकटीचं, आणि ती ते फार मन लावून करते. रात्रभर वाळल्यावर सांगाडा अजिबात हलेना.

पतंगाचा कागद खळीने सुरकुततो, म्हणून मैद्याची खळ कागदाला न लावता कामटीला लावली. कागद चहूबाजूंनी बोटभर जास्त कापून कडा आत दुमडल्या. मागची एक पाकळी दिव्यासाठी उघडी ठेवली. दिवा एलईडीचाच घ्या, जुना पिवळा बल्ब तापतो आणि कागद जवळ असतो. शेपट्या मात्र मोठ्या नातवाने एकट्याने कातरल्या.