लहान वायरलेस गेम कंट्रोलर निवडताना

सांगली-मिरजेतून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी दर आठवड्याला पुण्याला ये-जा करणाऱ्या मुलामुलींना पिशवीच्या पुढच्या कप्प्यात मावेल असा लहान कंट्रोलर हवा असतो. आपल्याकडच्या दुकानांत मात्र बहुधा पूर्ण आकाराचे कंट्रोलर मांडलेले असतात आणि कन्सोल न बनवणाऱ्या इतर कंपन्यांचे लहान कंट्रोलर ऑनलाइनच मागवावे लागतात. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कोणी सतार मांडीवर घेऊन बोट फिरवून पाहिल्याशिवाय विकत घेत नाही. ती सोय इथे नसल्यामुळे, हातात घेऊन जे कळले असते ते मागवण्यापूर्वीच विचार करून ठरवावे लागते.

सर्वांत आधी किंमत किंवा रंग न पाहता, कंट्रोलर कोणत्या यंत्राला जोडायचा आहे ते पाहावे. एक्सबॉक्स कन्सोलला साधे ब्लूटूथ कंट्रोलर जोडता येत नाहीत, कारण मायक्रोसॉफ्टची त्यासाठी स्वतःची वायरलेस पद्धत आहे. प्लेस्टेशन ५ वर त्या कन्सोलसाठी बनवलेले खेळ खेळायचे असतील, तर सोनीचा स्वतःचा किंवा सोनीने परवाना दिलेलाच कंट्रोलर लागतो. म्हणून लहान आकाराच्या कंट्रोलरचा खरा उपयोग विंडोज लॅपटॉप, अँड्रॉइड फोन आणि निन्टेन्डो स्विच यांच्यासाठी आहे. आयफोनवर २०१९ साली आलेल्या आयओएस १३ पासून एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशन ४ चे वायरलेस कंट्रोलर चालू लागले, पण इतर कंपन्यांच्या बाबतीत आयफोनचा उल्लेख त्या विशिष्ट मॉडेलच्या माहितीत आहे का, हे वाचूनच घ्यावे. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ ला जुने कंट्रोलर जोडण्यासाठी अनेकदा नवे फर्मवेअर (कंट्रोलरच्या आतले सॉफ्टवेअर) टाकावे लागते. तेव्हा उत्पादक ते देतो का, हेही पाहावे.

फोनसाठी कंट्रोलर घेणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा बीजीएमआयचा, म्हणजे ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या खेळाचा असतो. त्या खेळात फोनवर कंट्रोलरची अधिकृत सोय नाही. स्क्रीनवरच्या जागांना बटणे जोडून देणारी अॅप मिळतात, पण ती वापरल्यास खाते बंद होण्याचा धोका असतो. केवळ त्या एका खेळासाठी पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

एकच कंट्रोलर अनेक यंत्रांवर चालतो तो वेगवेगळ्या मोडमुळे. उदाहरणार्थ, एटबिटडो या चिनी कंपनीच्या एसएन३० प्रो या कंट्रोलरवर स्टार्टबरोबर एक्स दाबला की तो विंडोजसाठी सुरू होतो, बी दाबला की अँड्रॉइडसाठी, ए दाबला की मॅकसाठी आणि वाय दाबला की स्विचसाठी. ‘कंट्रोलर जोडलाच जात नाही’ अशी तक्रार अनेकदा चुकीच्या मोडमुळेच उद्भवते. याखेरीज निन्टेन्डोच्या मांडणीत ए उजवीकडे आणि बी खाली असतो, तर एक्सबॉक्सच्या मांडणीत नेमके उलटे असते. लॅपटॉपवरच्या खेळात ‘ए दाबा’ असे दिसल्यावर अंगठा चुकीच्या बटणावर जातो आणि ही सवय बदलायला काही दिवस लागतात.

यानंतर कोणते खेळ खेळणार याचा विचार करावा, कारण लहान आकारासाठी काय काय गाळले आहे ते इथेच जाणवते. एटबिटडोचा झीरो २ सुमारे सात सेंटिमीटर लांब आहे आणि किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवता येतो. पण त्याला अॅनालॉग स्टिक (अंगठ्याने सर्व दिशांना कलवायच्या लहान दांड्या) नाहीत आणि खांद्यावर, म्हणजे वरच्या कडेला, दोनच बटणे आहेत. त्याच कंपनीच्या मायक्रोला खांद्यावर चार बटणे आहेत, स्टिक मात्र त्यालाही नाहीत. जुन्या पद्धतीच्या, डावी-उजवीकडे धावण्याच्या खेळांना हे दोन्ही पुरेसे आहेत. फुटबॉल, क्रिकेट किंवा त्रिमितीय जगात फिरण्याचे खेळ खेळायचे असतील, तर दोन स्टिक असलेलाच कंट्रोलर घ्यावा. मोटार शर्यतीची आवड असेल तर ट्रिगर (तर्जनीने दाबायची खांद्यामागची बटणे) अॅनालॉग आहेत का ते विचारावे. अनेक लहान कंट्रोलरचे ट्रिगर साध्या बटणासारखे चालू-बंद होतात आणि अॅक्सिलरेटर अर्धा दाबणे त्यांवर शक्य होत नाही.

हाताचा अंदाज घेण्यासाठी मी एक साधी युक्ती वापरतो. माहितीत दिलेली लांबी, रुंदी आणि जाडी घेऊन वहीच्या पुठ्ठ्याचे तेवढेच तुकडे कापावेत, ते जाडी जुळेपर्यंत एकावर एक चिकटवावेत आणि बटणांच्या जागी पेनाने गोल काढावेत. हा पुठ्ठा दहा मिनिटे खेळताना धरतो तसा धरून बसावे. दोन्ही तर्जन्या खांद्याच्या बटणांवर ठेवल्यावर अंगठे फार वाकत असतील किंवा तळहाताला काहीच आधार मिळत नसेल, तर तासाभराने मनगट दुखणार हे निश्चित समजावे. बारा वर्षांच्या मुलाला जो कंट्रोलर नेमका बसतो, तो त्याच्या वडिलांना बसेलच असे नाही.

स्टिक असलेला कंट्रोलर घेताना स्टिकच्या आतील रचनेला मी सर्वांत अधिक महत्त्व देतो. साध्या स्टिकमध्ये पोटेन्शियोमीटर असतो. त्यात एक बारीक पट्टी दुसऱ्या थरावर घासत राहते आणि झिजली की बोट न लावताही खेळातील माणूस आपोआप एका बाजूला सरकू लागतो. यालाच स्टिक ड्रिफ्ट म्हणतात. हॉल इफेक्ट आणि टीएमआर या प्रकारांत चुंबकाच्या साह्याने स्टिकची जागा ओळखली जाते. मोजणाऱ्या भागात घर्षण नसल्यामुळे त्या प्रकारची झीज होत नाही. विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या भाच्याने स्वस्त म्हणून विनानावाचा कंट्रोलर घेतला आणि पाच महिन्यांत त्याचा फलंदाज सतत ऑफ स्टंपच्या बाहेर सरकू लागला. पावती घेतलेली नव्हती, त्यामुळे दुकानदाराने हात वर केले. त्या मुलाने खाऊचे पैसे साठवून ती खरेदी केली होती, याचे मला आजही वाईट वाटते.

ब्लूटूथ आणि २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल (यूएसबी पोर्टमध्ये लावायचा छोटा रिसीव्हर) यांत डोंगलला साधारणपणे कमी विलंब लागतो. सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या खेळात एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते, म्हणून मारामारीच्या किंवा लयीच्या खेळात हा फरक हाताला जाणवतो. सावकाश खेळांत जाणवत नाही. अगदी लहान कंट्रोलरमध्ये मात्र बहुधा फक्त ब्लूटूथच असते. डोंगल असेल तर तो यूएसबी ३ च्या वापरात असलेल्या पोर्टला खेटून लावू नये, कारण त्यातून निघणारा विद्युत गोंगाट याच लहरींमध्ये अडथळा आणतो.

लहान आकार म्हणजे लहान बॅटरी. झीरो २ मध्ये १८० मिलिअँपिअर-तासाची बॅटरी आहे आणि ती सुमारे आठ तास चालते असे उत्पादक सांगतो. एसएन३० प्रो मध्ये ४८० ची आहे आणि ती त्याच्या दुपटीहून अधिक टिकते. चार्जिंगसाठी टाइप-सी पोर्ट असलेलाच कंट्रोलर घ्यावा. काही स्वस्त उपकरणे दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर चार्ज होत नाहीत. अशा वेळी वस्तू बिघडली असे न समजता एका टोकाला जुने चौकोनी यूएसबी असलेली केबल लावून पाहावी.

पार्सल आल्यावर खोके उघडताना मोबाइलवर सलग चित्रीकरण करावे. त्यानंतर कंट्रोलर लॅपटॉपला जोडून, विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून उघडणाऱ्या चौकटीत ‘जॉय डॉट सीपीएल’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्यावी, म्हणजे प्रत्येक बटण आणि स्टिक तपासता येते. स्टिक कडेने सावकाश गोल फिरवून सोडावी आणि खूण मध्यावर परत येते का ते दोन्ही स्टिकसाठी वीसेक वेळा पाहावे. डी-पॅडवर (दिशांच्या, अधिकच्या चिन्हासारख्या बटणावर) खालची बाजू दाबून धरून अंगठा किंचित डावी-उजवीकडे डोलवावा. तेवढ्यानेच तिरकी दिशा उमटत असेल, तर उडी मारण्याच्या खेळात तो कंट्रोलर त्रास देणार. ही तपासणी वस्तू हाती आली त्याच दिवशी करावी, दोष आढळल्यास बदलीची मागणी लेखी नोंदवावी आणि विक्रेत्याने दाद दिली नाही, तर बिलाची प्रत आणि चित्रीकरण जवळ ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी.