रब्बीच्या पेरणीपूर्वी विहिरीचे माप घ्यावे

परतीचा पाऊस थांबला की यंदा किती मिलिमीटर झाला याची चर्चा सुरू होते. मराठवाड्यातील शेतकऱ्यांनी रब्बीचे पीक केवळ या आकड्यावरून ठरवू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिपटीने वाढल्या. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा धो धो पडतो आणि मधले खंड लांबतात. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तर २०२५ च्या सप्टेंबरात याच मराठवाड्यात नद्यांनी शेतातली माती खरवडून नेली.

आपल्या पायाखाली काळा बेसाल्ट खडक आहे. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, आणि ही जागा मुळातच थोडी असते. दोन दिवसांत कोसळलेला दीडशे मिलिमीटर पाऊस ओढ्याला लागून निघून जातो, मात्र तेवढाच पाऊस तीन आठवडे रिमझिम पडला तर त्याचा बराच मोठा भाग मुरतो. म्हणूनच सरासरी ओलांडलेल्या वर्षीही फेब्रुवारीत विहीर तळ गाठू शकते.

विहिरीचे माप घेणे अवघड नाही. दोरीला दगड बांधून तो तळापर्यंत सोडावा आणि दोरीचा भिजलेला भाग मोजावा. सुमारे २६ फूट, म्हणजे ८ मीटर व्यासाच्या गोल विहिरीत दर मीटर उंचीला सुमारे ५० हजार लिटर पाणी असते. एका एकराला ५ सेंटिमीटरची पाळी, म्हणजे एका वेळचे पाणी, द्यायची तर सुमारे २ लाख लिटर लागतात, म्हणजेच विहिरीतले चार मीटर पाणी एका पाळीत संपते. हा हिशेब प्रथमच मांडणारा माणूस सहसा गप्प होतो. त्यानंतर मोटार चालवून विहीर उपसावी आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा दोरी सोडून चोवीस तासांत किती पाझर आला ते तारखेसह वहीत लिहावे. हा पाझर डिसेंबरनंतर घटत जातो, म्हणून ऑक्टोबरचा आकडा मार्चसाठी गृहीत धरू नये.

माप कमी भरल्यास गव्हाच्या पाच-सहा पाळ्यांचा विचार सोडावा आणि हरभरा किंवा ज्वारी घ्यावी. हरभऱ्याला दोनच पाळ्या शक्य असतील तर एक फांद्या फुटताना आणि दुसरी घाटे भरताना द्यावी. भारी जमिनीत पाणी तुंबू देऊ नये, अन्यथा मुळे कुजून पीक वाळते. ज्वारीला दोन पाळ्या द्यायच्या झाल्यास पहिली २८ ते ३० दिवसांनी आणि दुसरी ५० ते ५५ दिवसांनी, पीक पोटरीत (कणीस पानाच्या आवरणात) असताना, द्यावी. तुषार संच असल्यास मोकाट पाण्यापेक्षा तोच वापरावा.

कोरडवाहू ज्वारीत कोळपणी, म्हणजे ओळींमधली माती कोळप्याने हलवणे, टाळू नये. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ ही म्हण जमिनीच्या भेगा पाहून झालेली आहे. तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्यात पासेच्या आणि आठव्यात दातेरी कोळप्याने कोळपल्यास भेगा मातीने बुजतात आणि खालची ओल उडून जात नाही.

पाणी कमी पडले की बोअर आणखी खोल नेण्याचा मोह होतो. बेसाल्टमध्ये खोली वाढली म्हणून पाणी वाढतेच असे नाही, आणि खाली भेग लागली तरी तीत अनेकदा शेजाऱ्याच्या विहिरीचाच पाझर उतरतो.

मोसंबीची बाग असणाऱ्यांनी मात्र हिशेब उलट्या टोकाकडून करावा. एप्रिल आणि मे महिन्यांत झाडे जगवण्यासाठी लागणारे पाणी आधी बाजूला काढावे, आणि पाझराच्या वहीप्रमाणे त्याखेरीज काही उरत असेल तरच रब्बीची पेर करावी.