चढाई सुरू, माईक बंद : कबड्डीच्या मैदानावर निवेदक अन् डीजे होताना

"भाऊ, माईक कोणता घेऊ?" कापूस घरात आला, तिळसंक्रांत जवळ आली की आमच्या यवतमाळ-दारव्हा पट्ट्यात गावोगाव रात्रीचे कबड्डी सामने लागतात, अन् कोणीतरी पोरगं मला हे विचारतंच. कोणताही घे. बंद करायचं बटण अंधारात अंगठ्याला सापडलं म्हणजे झालं. थट्टा नाही ही.

माझा तिसराच सामना होता. उपांत्य फेरी, शेवटची चार मिनिटं, फरक दोन गुणांचा. पाहुण्या संघाचा चढाईपटू आत शिरला अन् नेमकी तेव्हाच मंडळाच्या माणसानं चिठ्ठी सरकवली. कुण्या दाजींकडून उत्कृष्ट पकडीसाठी रोख ५०१ रुपये. "आत्ताच वाच, दाजी निघून राह्यले!" मी वाचली. वरून हौस म्हणून पेनड्राइव्हवरचं डफडंही दाबलं. पंचांची शिट्टी वाजली. एक पंच म्हणे दम तुटला, दुसरे म्हणे मला काही ऐकूच आलं नाही. मिनिटभरात दोन्ही गावं मैदानात. सामना पाऊण तास बंद. मानधन तर बुडालंच, पंगतीत बसायलाही मला कोणी बोलावलं नाही. आजही चिठ्ठी घेऊन कोणी धावत आलं की माझ्या पोटात गोळा येतो.

कबड्डी तुम्हाला येते, नियम शिकवत नाही. पण ही एक गोष्ट दोनदा वाचा. चढाई ३० सेकंदांची. मध्यरेषा ओलांडायच्या आधी दम सुरू हवा, अन् 'कबड्डी कबड्डी' एका श्वासात, पंचांना ऐकू येईल असं. समोरच्या अंगणात दम तुटला की गडी बाद. म्हणजे अर्धा निकाल पंच कानानं देतात, अन् त्याच कानात तुम्ही भोंगा लावून बसलेले! आवाज बारीक ठेवतो म्हणाल, तर तेही नको. गाणं ऐकू येत नाही, पण बेस घुमत राहतो, अन् दम नेमका त्यातच बुडतो. टीव्हीवर चढाई चालू असताना बोलतात की, असं प्रत्येक नवखा मला ऐकवतो. बाबा, ते समालोचन घरी बसलेल्यांसाठी असतं. तुझा आवाज मैदानात पडतो.

मी हे शिकलो कुठून, तर आइस हॉकीतून. हसा खुशाल. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश तापतं, बर्फ म्हणजे गोळेवाल्याकडचा. पण त्या वर्षी जिनिंगमध्ये रात्रपाळीला असताना मोबाईलवर ते सामने बघायचो, खेळापेक्षा डीजेसाठी. खेळ थांबला की गाणं सुरू, अन् पंचानं पक, म्हणजे ती रबराची चकती, बर्फावर टाकली की गाणं तिथंच कापलेलं. शब्द अर्धा राहिला तरी चालेल. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव, प्रत्येकात शेवटचं एक मिनिट उरलं की निवेदकाची घोषणा ठरलेली. गोल झाला तरी तो नावासाठी घाई करत नाही. अधिकृत नोंद हाती आली की मग गोल करणारा, त्याला पास देणारे जास्तीत जास्त दोघे, अन् वेळ. आपल्याकडे पंचांचा हात वर जायच्या आत "लोण! लोण!", म्हणजे अख्खा संघ बाद, असं ओरडणारे कितीतरी आहेत. दोन गुणांचा जाहीर केलेला लोण परत घेऊन बघा एकदा, म्हणजे कळेल.

म्हणून गुणलेखकाच्या शेजारी बसा. अगदी खांद्याला खांदा लावून. नागपूरला निवेदनाच्या एका क्लासात मी पैसे घातले, तिथं आवाज छातीतून काढायला शिकवलं. आमच्या गावच्या निवृत्त गुरुजींनी गुणपत्रिका भरता भरता जे शिकवलं, त्यावर मी आज पोट भरतो. अन् जो उस्ताद दोन वर्षं नुसत्या वायरी गुंडाळायला लावतो, त्याला पहिल्याच हंगामात रामराम करा. यावर माझं काही जणांशी पटत नाही, न पटो.

घाबरू मात्र नका. बोलायला जागा भरपूर आहे. चढाई संपून दुसरी सुरू होईपर्यंत गड्याचं नाव अन् गुण, एवढंच. ३० सेकंदांच्या टाइम-आउटमध्ये गाण्याचा एक तुकडा बसतो. पुरुषांच्या सामन्यात वीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटं; ती पाच मिनिटं तुमची. मी तेव्हा सांगतो की अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी खेळून दाखवली होती. म्हातारी माणसं ताठ बसतात.

पोलिसांची परवानगी मंडळानं काढली की नाही, ते स्वतः बघा. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, हा नियम आहे. "साहेब आपलेच हाये" यावर जाऊ नका, मिक्सर तुमचा जप्त होतो.

अन् चिठ्ठ्या. टेबलावर मी फक्कीचा, म्हणजे मैदान आखायच्या पांढऱ्या भुकटीचा, रिकामा डबा ठेवतो, सगळ्या त्यात. दोन वर्षांनी त्याच गावानं मला परत बोलावलं, अन् तेच दाजी स्वतः चिठ्ठी घेऊन उभे. चढाई सुरू होती. मी डब्याकडे बोट दाखवलं. अख्खे तीस सेकंद ते माझ्याकडे बघत राहिले, मग पुटपुटले, "लय शहाणा झाला बे तू," अन् चिठ्ठी डब्यात टाकली.