स्मार्ट दिवा आणि भिंतीवरचं बटण

झोपण्याआधी आपल्या घरात एक फेरी होते. गॅस, दाराची कडी आणि मग एकेक बटण खटाखट बंद. स्मार्ट दिवा, प्लग किंवा टीव्हीचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने ही फेरी हिशेबात धरलेलीच नसते. वस्तूला चोवीस तास वीज मिळणार आणि चालू-बंद फक्त अ‍ॅपमधून होणार, असं तो गृहीत धरतो. अमेरिकेत भिंतीतल्या सॉकेटला सहसा बटण नसतं, तिथे हे चालून जातं. आपल्याकडे सॉकेटगणिक बटण. पुण्याच्या तापकीर गल्लीतून, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारातून, खोका घरी आणल्यावर पहिला तास हीच गृहीतकं मोडण्यात घालवावा लागतो.

सुरुवात दिव्यापासून. वाय-फाय दिव्याला रीसेटचं वेगळं बटण बहुधा नसतं, म्हणून तीन ते पाच वेळा लागोपाठ चालू-बंद केलं की 'सगळं विसर, नव्याने जोड' असा अर्थ तो घेतो. आता जूनच्या पहिल्या वादळात महावितरणची वीज चार वेळा आली-गेली की दिव्याला वाटतं, मालकानेच रीसेट केलं. मग तो भराभर लुकलुकत बसतो आणि अ‍ॅपमध्ये 'ऑफलाइन' दिसतो. दिवा बिघडलेला नसतो, पुन्हा जोडावा लागतो इतकंच.

दुसरा त्रास रात्रीचा. अडीच वाजता गेलेली वीज परत येते आणि बेडरूम लख्ख उजळते. दिव्याच्या सेटिंगमध्ये 'पॉवर-ऑन बिहेवियर', 'रीस्टार्ट स्टेटस' किंवा 'पॉवर-ऑफ मेमरी' यांपैकी काहीतरी सापडेल. तिथे मुळात 'ऑन' असतं. बेडरूमसाठी ते 'आधीची स्थिती' करा. पण यात एक मेख आहे: दिवा अ‍ॅपमधून बंद केलेला असेल, तर आजीने भिंतीवरचं बटण कितीही वेळा दाबलं तरी उजेड पडणार नाही. आणि ती पाच वेळा दाबणारच; म्हणजे पुन्हा रीसेट. त्यामुळे स्वयंपाकघर, बाथरूम, जिना इथे स्मार्ट दिवा लावूच नका.

तिथे साधा एलईडी ठेवून बोर्डाच्या आत रिले मॉड्यूल बसवणं जास्त शहाणपणाचं. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी असते. एल (फेज), एन (न्यूट्रल), एल-आउट (दिव्याकडे जाणारी तार) आणि एस-१, एस-२ अशी टोकं असतात. शेवटच्या दोन टोकांना जुनं बटण जोडतात. म्हणजे बटणही चालतं आणि अ‍ॅपही. दोन गोष्टी आधी पाहा. बोर्डात न्यूट्रल आहे का? त्याच बोर्डावर सॉकेट असेल तर न्यूट्रल असतोच. जुन्या वाड्यांतल्या नुसत्या बटणांच्या बोर्डात बऱ्याचदा नसतो. आणि डबी मागे मावते का? एमसीबी खाली करून, टेस्टरने तपासून, जाणत्या वायरमनकडूनच बसवून घ्या. जोडल्यावर अ‍ॅपमध्ये बटणाचा प्रकार विचारतात. आपलं बटण दाबून राहणारं असतं, त्यामुळे दर खेपेला स्थिती उलटवणारा पर्याय निवडा. घंटीच्या बटणाचा पर्याय राहिला तर दिवा दोनदा दाबल्यावर लागतो. पंखा मात्र दिव्याच्या डिमरवर कधीच टाकू नका.

गिझरच्या प्लगचा हिशेब सरळ आहे. २००० वॉट भागिले २३० व्होल्ट म्हणजे ८.७ अँपिअर, ३००० वॉटला १३. दहा अँपिअरचा प्लग दोन हजाराला कसाबसा पुरतो आणि रोज तापतो, सोळाचाच घ्या. 'पॉवर-ऑन' इथे 'ऑफ' ठेवा, नाहीतर दुपारी वीज आली की गिझर आपला आपण सुरू. वेळापत्रक लावायचं असेल तर आधी एक चाचणी घ्या: पाच मिनिटांनी बंद होण्याची वेळ लावा आणि राउटर बंद करा. प्लग वेळेवर बंद झाला, तर वेळापत्रक प्लगमध्येच साठलेलं आहे. नाही झाला, तर हुकूम दूरच्या सर्व्हरवरून येतो आणि नेट गेलं की गिझर सुरूच राहतो. अशा वेळी 'काउंटडाउन' किंवा 'ऑटो-ऑफ' वापरून पाहा. तो बऱ्याच प्लगांत आतल्या आतच चालतो, पण त्याचीही हीच चाचणी घ्या. वीज जाऊन आल्यावर बहुतेक प्लगांना वेळ इंटरनेटवरूनच कळते, त्यामुळे राउटर उठेपर्यंतचं वेळापत्रक चुकतं. राउटरला छोटा यूपीएस लावला की हे बरंच कमी होतं. अ‍ॅडॉप्टरवरचा व्होल्ट आणि या यूपीएसचा व्होल्ट तंतोतंत जुळवा, यूपीएसचा अँपिअर तितकाच किंवा जास्त चालेल.

जोडणी होत नसेल तर दोष बहुधा वाय-फायच्या नावात असतो. स्वस्त दिवे-प्लग फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात. फायबरवाल्याचा राउटर २.४ आणि ५ ला एकच नाव देतो आणि फोन ५ वर जाऊन बसतो. राउटरच्या मागच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका, दोन्हींना वेगळी नावं द्या, २.४ ची सुरक्षा डब्ल्यूपीए-२ ठेवा, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ करा आणि चॅनेल १, ६, ११ पैकी कमी गर्दीचा निवडा. वाकड-बाणेरच्या टॉवरमध्ये शेजारच्या वीस-पंचवीस राउटरांची नावं दिसतात, तिथे हे फार उपयोगी पडतं. जोडताना फोनचं लोकेशन चालू ठेवा. अँड्रॉइडवर त्याशिवाय अ‍ॅपला वाय-फाय शोधता येत नाही. काम झालं की परवानगी काढून घ्या.

खातं कोणाच्या नावावर, हा प्रश्न कोथरूडमध्ये नेहमीचा. मुलगा सुट्टीवर येतो, आपल्या फोनवरून सगळं जोडतो आणि सॅन होजेला परत जातो. खात्याचा देश अमेरिका राहिला की वेळापत्रकाची घड्याळं चुकू शकतात आणि काही अ‍ॅपांत भारतातल्या खात्याशी घर वाटून घेताच येत नाही. घराचा वेगळा ई-मेल काढा, देश भारत निवडा आणि पासवर्ड डायरीत लिहा.

टीव्हीचं थोडक्यात. गूगल टीव्ही असेल तर पहिल्या जोडणीत 'बेसिक टीव्ही' हा पर्याय येतो. फक्त सेट-टॉप बॉक्स पाहणाऱ्यांना तो पुरे. चालू होताच जाहिरातींच्या पानाऐवजी एचडीएमआय यावं यासाठी 'पॉवर-ऑन' किंवा 'स्टार्टअप'खाली इनपुट निवडता येतो का ते पाहा. रोज भिंतीवरून बंद होणारा टीव्ही स्टँडबायमध्ये अपडेट घेऊ शकत नाही, म्हणून तो नेमका रात्री साडेआठच्या मालिकेवेळी विचारत बसतो. आठवड्यातून एक रात्र बटण चालू सोडा. काय पाहता याची नोंद ठेवणारा पर्याय सॅमसंगमध्ये 'व्ह्यूइंग इन्फॉर्मेशन', एलजीमध्ये 'लाइव्ह प्लस' अशा नावांनी असतो. तो बंद केल्याने टीव्हीचं काही अडत नाही.

नवं घेताना खोक्यावर 'मॅटर'ची खूण पाहा. २०२२ मध्ये आलेल्या या मानकात चालू-बंदचा हुकूम घरातल्या घरातच फिरतो, मात्र त्यासाठी घरात एक हब किंवा स्पीकर लागतो. वस्तू छताला लावण्याआधी तिच्यावरच्या जोडणीच्या अकरा आकडी कोडचा फोटो काढा. तेच काम नंतर शिडीवर चढून करावं लागतं. अ‍ॅपमधून सदस्यत्व रद्द करायची वाट लपवलेली असेल किंवा नको म्हटलं तरी तीच जाहिरात पुन्हा पुन्हा येत असेल, तर ग्राहकाला गंडवणाऱ्या अशा १३ प्रकारांना केंद्राच्या नोव्हेंबर २०२३ च्या नियमांनी मनाई केली आहे. तक्रार ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते. परतीची मुदत संपेपर्यंत एक रात्र सगळी बटणं नेहमीसारखी बंद करा, सकाळी चालू करा आणि काय काय आपोआप उठतं ते पाहा. तोवर खोका आणि बिल माळ्यावर टाकू नका.